सॉकेटमागची थंडी

शिकागोच्या जानेवारीत बाहेरचे तापमान शून्याखाली पंधरा अंशांवर गेले, की बाहेरच्या भिंतीवरच्या सॉकेटपाशी तळहात धरून पाहावा. पुष्कळ घरांत बोटांना गार वाऱ्याची बारीक धार लागते. खिडक्यांना दुहेरी काच, दाराला रबरी पट्टी, खोली एकवीस अंशांवर उबदार, आणि तरीही भिंतीतून वारा! भारतातून नव्याने तिकडे गेलेल्या माणसाला हे कोडेच वाटते, कारण भिंत म्हणजे भरीव वस्तू हे आपल्या मनात पक्के बसलेले असते. आपल्याकडे विटांच्या भिंतीला झिरी मारतात, तीत पीव्हीसी पाइप आणि बोर्डाचा डबा बसवतात, सिमेंटने बुजवतात आणि वरून गिलावा करतात. डब्याच्या मागे वीट असते, वारा यायला वाटच नसते.

अमेरिका आणि कॅनडातली बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात. उभ्या लाकडी पट्ट्या, ज्यांना तिकडे ‘स्टड’ म्हणतात, सोळा-सोळा इंचांवर उभ्या करायच्या, बाहेरून फळ्या ठोकायच्या आणि आतून अर्धा इंच जाडीचा जिप्सम बोर्ड लावायचा. स्टडचे नाव ‘टू बाय फोर’ असले, तरी रंधा मारल्यावर तो प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचच उरतो. म्हणजे दोन स्टडांमध्ये साडेतीन इंच खोल पोकळी. या हलक्या सांगाड्याचा पहिला अवतार १८३० च्या दशकात शिकागोतच रुळला. त्यात स्टड तळघरापासून माळ्यापर्यंत सलग जात आणि प्रत्येक पोकळी एखाद्या उभ्या नळीसारखी वरपर्यंत मोकळी राही. पुढे मजल्यामजल्याला आडवी पट्टी घालून ती तोडण्याची पद्धत आली, पण पोकळी राहिलीच. ही पोकळी थंडीसाठी भरायची आणि विजेसाठी तिच्यात डबे बसवायचे, अशी दोन कामे एकाच साडेतीन इंचांत करायची असतात. ती एकमेकांना सांभाळून केली नाहीत, तर घर गारठते, भिंत आतून कुजते किंवा आगीला निमित्त मिळते.

आधी डबा का असतो ते पाहू. १८९३ साली शिकागोत भव्य जागतिक प्रदर्शन भरले. त्यात विजेच्या दिव्यांचा झगमगाट होता आणि विमा कंपन्यांना आगीची धास्ती होती. धोक्याची पाहणी करायला त्यांनी विल्यम हेन्री मेरिल हा तरुण विद्युत अभियंता पाठवला. त्याने १८९४ मध्ये सुरू केलेल्या कामातून ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ ही चाचणी संस्था उभी राहिली. तिची ‘यूएल’ ही खूण आज जगभरच्या उपकरणांवर दिसते. १८९७ मध्ये अमेरिकेची पहिली राष्ट्रीय विद्युत संहिता आली, आणि आता ती दर तीन वर्षांनी नव्याने निघते. तारांचा प्रत्येक जोड डब्याच्या आत असला पाहिजे आणि तो डबा भिंत न फोडता उघडता आला पाहिजे, हा तिच्यातला पायाभूत नियम आहे. जोड म्हणजे वायरिंगची सर्वांत कमकुवत जागा. तिथे ठिणगी उडाली किंवा तार तापली, तर ती आच लाकडापर्यंत आणि भिंतीत भरलेल्या मालापर्यंत जाऊ नये यासाठी भोवती हे कवच असते.

या कवचाचे महत्त्व अमेरिकेत आपल्यापेक्षा जास्त आहे, आणि त्याचे कारण विजेच्या दाबात आहे. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, तिकडे नेहमीच्या सॉकेटला १२० व्होल्ट. दीड हजार वॉटचा खोली गरम करणारा हीटर आपल्याकडे साडेसहा अँपिअर घेतो, तिकडे तोच साडेबारा अँपिअर घेतो. जोडावर तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा एखादा स्क्रू ढिला झाला आणि त्या जागी एक दशांश ओहमचा रोध आला. आपल्याकडे तिथे सव्वाचार वॉट उष्णता होईल, तिकडे साडेपंधरा वॉट. शेंगदाण्याएवढ्या जागेत साडेपंधरा वॉट तासन्‌तास कोंडले, तर प्लास्टिक तपकिरी पडते, मग काळे पडते. सर्किट ब्रेकरला याचा पत्ता लागत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो आणि हीटरला फक्त सव्वा व्होल्ट कमी मिळतात. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने १९७० च्या दशकात असे ढिले जोड प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केले. फ्यूज न उडता जोड लालबुंद होऊन तापत राहतो, हे त्या प्रयोगांत दिसले.

म्हणून संहिता डब्याच्या आत मोकळी जागा मागते आणि ती मोजून मागते. चौदा गेजच्या प्रत्येक तारेमागे दोन घनइंच, म्हणजे सुमारे तेहतीस घनसेंटीमीटर. नेहमीचे सॉकेट घ्या. एक केबल येते, दुसरी पुढच्या सॉकेटकडे जाते. दोन्हींच्या मिळून चार तारा, सगळ्या अर्थिंग तारांची मिळून एक आणि सॉकेटच्या दोन अशा सात जागा धरायच्या, म्हणजे चौदा घनइंच झाले. बारा गेजची जाड तार असेल, तर पावणेसोळा. आज दुकानात मिळणारे बहुतेक एकेरी प्लास्टिकचे डबे अठरा घनइंच किंवा त्याहून मोठे असतात ते यामुळेच. जुन्या घरांतले साडेबारा घनइंचांचे छोटे डबे आजच्या हिशेबात बसत नाहीत. या मोकळ्या हवेत तारा वाकून बसतात आणि जोडाची उष्णता पसरते. ही जागा कापसाने, फोमने किंवा आणखी कशाने भरणे म्हणजे डब्याचा उद्देशच हाणून पाडणे. वारा येतो म्हणून सॉकेट बाहेर ओढून मागच्या डब्यात फोमची नळी रिकामी करणारे लोक आहेत, आणि हे करू नये एवढे जरी या लेखातून पोचले तरी पुष्कळ झाले. डब्याला बाहेरून सगळीकडून लपेटावे, आतून मोकळे ठेवावे.

बाहेरून लपेटताना खरी कसोटी लागते. भिंतीत भरण्याचा सर्वांत प्रचलित माल म्हणजे ग्लासवूल, काचेचे धागे. १९३२ साली ओहायोत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक वितळलेल्या काचेने ठोकळे जोडत असताना दाबाच्या हवेचा झोत काचेवर पडला आणि तिचे बारीक धागे उडाले. त्या अपघातातून हा धंदा उभा राहिला. १९३८ मध्ये ओवेन्स कॉर्निंग कंपनी स्थापन झाली आणि तिच्या गुलाबी गाद्या पुढे घरोघरी भिंतींत गेल्या. काचेचे धागे जळत नाहीत. त्यांच्या एका बाजूला चिकटवलेला तपकिरी कागद मात्र जळतो, म्हणून तो उघडा ठेवायचा नसतो, जिप्सम बोर्डाला भिडवून झाकायचा असतो. ग्लासवूल डब्याच्या बाहेरच्या अंगाला टेकले तर चालते. पुष्कळ लोक भीतीने डब्याभोवती चार बोटे जागा सोडतात. तिची गरज नाही आणि तिने नुकसानच होते.

ग्लासवूल स्वतः उष्णता अडवत नाही, त्याच्या धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा ती अडवते. साडेतीन इंचांची गादी पूर्ण फुललेली असेल, तरच ती आपले काम पुरे करते. आता केबल पोकळीच्या मधोमध जाते आणि डबा एका स्टडला ठोकलेला असतो. घाईतला कारागीर अख्खी गादी त्यांच्यावरून दाबून बसवतो. मग केबलमागे उभी पोकळ पट्टी राहते, डब्यामागे खळगा राहतो आणि गादी दबून पातळ होते. आतून बोर्ड लागला की काही दिसत नाही. साधा हिशेब करून पाहू. भिंतीच्या पोकळीचा फक्त पाच टक्के भाग रिकामा राहिला, तर सर्वसाधारण टू बाय फोर भिंतीच्या त्या भागातून सुमारे सतरा टक्के जास्त उष्णता निसटते. रिकामी जागा थोडी, पण उष्णता वाट सापडेल तिथूनच पळते.

नीट काम कसे होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. गादी हातांनी जाडीत फाडता येते, तिचे थर पापुद्र्यांसारखे सुटतात. केबल जिथे येते तिथे गादीची जाडी दुभागायची, अर्धी केबलमागे सरकवायची आणि अर्धी पुढे ठेवायची. केबल मधे सँडविचमधल्या काकडीसारखी बसते, कुठे दबत नाही. डब्यापाशी आधी त्याची उंची आणि रुंदी मोजायची. गादी जमिनीवरच्या फळीवर पसरायची आणि करवती दाताच्या लांब सुरीने कडेला तेवढाच चौकोन कापायचा, पण पूर्ण आरपार नाही. समोरचा थर काढायचा, मागचा इंचभर थर ठेवायचा. मग गादी पोकळीत बसवताना तो मागचा थर डब्यामागे जातो आणि कापलेली कड डब्याच्या बाजूंना अगदी लगटून राहते. साडेतीन इंचांच्या भिंतीत डब्यामागे फार तर इंचभरच जागा असते, आणि तीच सर्वांत थंड जागा असते. कापणे फळीवरच करायचे, कारण डब्याला सुरी टेकवून कापताना केबलचे वेष्टन चिरले जाऊ शकते आणि ती जखम मग भिंतीत कायमची गाडली जाते. हातमोजे, मास्क आणि चष्मा घालायचा. बाहेरच्या भिंतीत एवढा खटाटोप करावा असे ऊर्जा संवर्धनाच्या अमेरिकी संहितेतही लिहिलेले आहे: गादी वायरिंगभोवती नेटकी कापून बसवावी, आणि डब्यामागून हवा अडवणारा थर जावा किंवा डबाच हवाबंद असावा.

आता हवेकडे वळू. लोकरीचा स्वेटर कितीही जाड असो, वारा सुटला की तो आरपार लागतो. ग्लासवूलचेही तसेच आहे, ते वाऱ्याला गाळते पण अडवत नाही. जुनी भिंत उघडल्यावर डब्याजवळची गुलाबी गादी काळी पडलेली सापडते, ती वर्षानुवर्षे गाळलेल्या धुळीने. हिवाळ्यात गरम हवा वर चढून माळ्यातून बाहेर पडते आणि तिची जागा भरायला खालच्या मजल्यावरच्या फटींतून थंड हवा आत ओढली जाते. वरच्या मजल्यावर हेच उलटे होते. तिथे घरातली उबदार, दमट हवा सॉकेटच्या फटीतून भिंतीत शिरते, आणि हा प्रकार गार वाऱ्यापेक्षा जास्त घातक आहे, कारण तो हाताला जाणवत नाही. एकवीस अंशांच्या, चाळीस टक्के आर्द्रतेच्या हवेतले बाष्प सुमारे सात अंशांना पाणी होऊ लागते. भिंतीची बाहेरची फळी त्याहून कितीतरी थंड असते. तिथे ते बाष्प दव होऊन, कडाक्यात हिम होऊन साचते आणि मार्च-एप्रिलमध्ये वितळून लाकडात मुरते.

हे पाणी किती असते याचा अंदाज बिल्डिंग सायन्स कॉर्पोरेशनचे कॅनेडियन अभियंता जोसेफ लस्टिब्युरेक यांच्या पुस्तिकांतून बांधकाम क्षेत्रात सर्वदूर पोचला. थंड प्रदेशात अख्ख्या हिवाळ्यात चार बाय आठ फुटांच्या जिप्सम बोर्डातून झिरपून जेमतेम एक तृतीयांश लिटर पाण्याइतके बाष्प जाते. त्याच बोर्डाला एक चौरस इंचाचे भोक असेल, तर हवेबरोबर सुमारे अठ्ठावीस लिटर जाते. सॉकेटच्या डब्याभोवतीच्या सगळ्या फटी मोजल्या, तर एक चौरस इंच सहज भरतो.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, रेजायना शहरात, १९७७ मध्ये एक प्रायोगिक घर बांधले गेले. भिंती फूटभर जाड आणि घर कमालीचे हवाबंद. पुढे जगभर पसरलेल्या अत्यल्प ऊर्जा वापरणाऱ्या घरांच्या विचाराची मुळे त्यात आहेत. अशा घरांच्या अनुभवातून कॅनडातल्या कारागिरांना एक सवय लागली. बाहेरच्या भिंतीतल्या प्रत्येक डब्यामागे प्लास्टिकचे टोपडे बसवायचे, केबल शिरते ती जागा कायम मऊ राहणाऱ्या लुकणाने बंद करायची आणि टोपड्याची कड भिंतीत बाष्प अडवायला लावलेल्या प्लास्टिकच्या पडद्याला चिकटवायची. वस्तू अगदी स्वस्त, पण बोर्ड लागण्याआधीच बसवावी लागते. नंतर ते जमत नाही.

शिकागोत आणखी एक वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घरांत प्लास्टिकच्या वेष्टनाची केबल चालते, पण शिकागोची स्वतःची विद्युत संहिता धातूचा पाइप मागते. त्यामुळे तिथे सॉकेटचा डबाही धातूचा असतो. आगीच्या दृष्टीने हे कडेकोट, पण तळघरातून माळ्यात जाणारा पाइप हवेचीही वाहिनी होतो आणि सॉकेटपर्यंत थंडी आणून सोडतो. डब्याची बाहेरची बाजू कितीही लिंपली, तरी पाइपाच्या तोंडातून वारा येतच राहतो. उबदार आणि थंड जागा जोडणारा पाइप आत बंद करावा, हे राष्ट्रीय संहिताही सांगते. त्यासाठी कधी न वाळणारे राखाडी लुकण मिळते. वायरमनने ते पाइपाच्या तोंडात तारांभोवती दाबले, की वारा थांबतो. शिकागोशी मराठी माणसांचे नाते जुने आहे. उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये याच शहरात सुरू झाले. तिथल्या मराठी घरांत वारा कुठून येतो ते शोधायला उदबत्तीइतके सोयीचे साधन नाही. वाऱ्याच्या दिवशी स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला पंखा चालू करून, पडद्यांपासून दूर राहून, उदबत्ती सॉकेटच्या कडेजवळ धरावी. धूर कलला की फट सापडली.

तयार भिंतीत काय करता येते? आधी ब्रेकर बंद करायचा. मग टेस्टर चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर तपासून घ्यायचा, या सॉकेटवर लावायचा आणि पुन्हा त्या चालू सॉकेटवर तपासायचा, म्हणजे टेस्टर दगा देत नाही याची खात्री होते. झाकण काढल्यावर डब्याची कड आणि जिप्सम बोर्ड यांच्यामधली फट दिसते. संहितेप्रमाणे ती तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, आणि डब्याचे तोंड बोर्डाच्या पृष्ठभागापासून सहा मिलिमीटरपेक्षा आत गेलेले नसावे. लाकडी भिंत असेल तर तेवढेही चालत नाही, तोंड पृष्ठभागाशी समपातळीत हवे, कारण ठिणगीला लाकडाची उघडी कड दिसता कामा नये. मोठी फट प्लास्टर लावून दुरुस्त करायची, बारीक फटीला लुकण. त्यावर झाकणाच्या आकाराची, यूएल खुणेची फोमची पातळ गॅस्केट लावायची आणि झाकण पुन्हा बसवायचे. एवढे काम घरमालक करू शकतो. डब्याच्या आतल्या तारेला हात लावायची वेळ आली, की वायरमनला बोलवावे. झाकण उघडताच तपकिरी डाग, जळका वास किंवा मऊ पडलेले प्लास्टिक दिसले, तर फट बुजवण्याचा विचार तिथेच सोडावा आणि ब्रेकर बंदच ठेवावा.

स्प्रे फोम हा मोह पाडणारा माल आहे. बाहेरून, डब्यामागच्या पोकळीत, बांधकाम चालू असताना जाणत्या माणसाने कमी फुगणारा फोम वापरला तर तो उत्तम काम करतो. जास्त फुगणारा फोम मात्र प्लास्टिकचा डबा आत दाबतो, केबलच्या भोकांतून आत शिरतो आणि तारांना कवटाळून कडक होतो. पॉलियुरेथेन जळते, म्हणूनच त्यावर जिप्समचा थर सक्तीचा असतो. केशरी रंगाचा ‘फायरब्लॉक’ फोम मजल्यामजल्यांमधली भोके बुजवायला असतो. तोही डब्यात भरण्यासाठी नाही. थर्माकोलही केबलला चिकटून ठेवू नये. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात घातलेली द्रव्ये थर्माकोल शोषून घेतो आणि वर्षानुवर्षांत केबलचे वेष्टन ठिसूळ होते.

न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या ठिकाणी मराठी कुटुंबे एकाला एक लागून असलेल्या टाउनहाउसमध्ये मोठ्या संख्येने राहतात. दोन घरांमधली भिंत आग रोखण्यासाठी असते, आणि तिच्यातला प्रत्येक डबा म्हणजे त्या कवचाला पाडलेले भोक. आग रोखणाऱ्या भिंतीत दोन बाजूंचे डबे पाठीला पाठ लावून ठेवू नयेत, त्यांच्यात किमान चोवीस इंच आडवे अंतर असावे असा दंडक आहे. अंतर नसेल, तर डब्याला मागून अग्निरोधक लुकणाची लादी लपेटतात. ती आचेने फुगते आणि वितळणाऱ्या डब्याची जागा भरून काढते. शेजारच्या घरातला आवाजही तिने कमी होतो. या भिंतीत नवे सॉकेट हवे असेल, तर स्वतः कापाकापी करू नये.

जुन्या घरांची गोष्ट वेगळी. १८८० च्या दशकापासून १९३० च्या दशकापर्यंत बांधलेल्या अमेरिकी घरांत तारा चिनी मातीच्या खुंट्यांवरून आणि नळ्यांतून नेल्या जात. त्या भोवतालच्या मोकळ्या हवेवर थंड राहत. तिथे भिंतीला भोके पाडून पोकळीत सुटा उष्णतारोधक माल फुंकून भरला, की तारेची उष्णता कोंडते. म्हणून १९८७ च्या संहितेपासून अशा तारा पोकळीतल्या उष्णतारोधक मालात गाडायला मनाई आहे. वायरमनच्या तपासणीनंतर काही राज्ये ते चालू देतात, पण तार बदलून घेणेच खरे. १९६५ ते १९७३ च्या सुमाराच्या घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा सापडतात. १९७२ पूर्वीच्या अशा तारांच्या घरांत सॉकेटवरचा जोड आगीच्या धोक्यापर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या तुलनेत पंचावन्न पट असल्याचे अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगाने सांगितले आहे. आणि सॉकेटचे झाकण उघडताच चमकदार, राखाडी-सोनेरी कणांची धार बाहेर सांडली, तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकते. माँटॅना राज्यातल्या लिबीच्या खाणीतून निघालेल्या या खनिजात अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेले असे. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, पण माल अजून भिंतींत आणि माळ्यांवर आहे. अशा वेळी झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नये. झाकण परत बसवावे, खोलीत ये-जा थांबवावी आणि अ‍ॅस्बेस्टॉस हाताळण्याचा परवाना असलेल्या माणसाला बोलवावे.